भिंत नसलेले दार

बालाघाटाच्या डोंगरात वाकडी नदी जिथे वळण घेते, तिथे निमखेड नावाचे गाव आहे. भुईनाथ महाराज त्या गावी कधी आले आणि कुठून आले, हे कोणालाच धड सांगता येत नाही. एका सकाळी गुराख्यांना एवढेच दिसले की गावाबाहेरच्या पडक्या मठात एक कृश साधू करवंदीच्या जाळ्या बाजूला सारून झाडलोट करीत आहेत.

"बाबा, हितं कुनी राहत न्हाई," गुराखी म्हणाले.

"म्हणूनच एवढी धूळ साठली," महाराज म्हणाले आणि झाडत राहिले. त्या दिवसापासून मठाला पुन्हा माणूस मिळाला.

हा मठ यादवांच्या काळी नाथपंथी योग्यांनी बांधला, असे जुनी माणसे सांगत. घाट चढून दमलेला वाटसरू राव असो की रंक, मठाच्या दारातून वाकून आत आला की त्याच्यापुढे भाकरी येई. त्याचे गाव, कूळ, देव, काहीही विचारायचे नाही, असा मठाचा नेम होता. कणीक मळायची दगडी काथवट एवढी मोठी होती की तीत माणूस पाय पसरून झोपला असता. पुढे घाटाची वाट बदलली. वाटसरू आटले, शिष्य पांगले, भाकरीचा धूर थांबला आणि छप्पर खाली आले.

मठ जसजसा पडत गेला, तसतसे निमखेड उभे राहत गेले. मठाचा एकही चिरा नाही असे घर गावात शोधून सापडले नसते. त्या काथवटीत आता पाटलाच्या म्हशी पाणी पीत. सभामंडपाच्या खांबावरची नर्तकी परटाच्या घाटावर पालथी पडून गावाची धुणी सोसत होती. ज्या ओवऱ्यांत योगी डोळे मिटून बसत, त्यांचे दगड कोणाच्या चुलीला लागले होते, कोणाच्या गोठ्याला. याला चोरी कोणी म्हणत नसे. पडलेला दगड उचलून उभा केला तर पुण्यच लागते, अशी गावाची सोयीची समजूत होती. सोयीची समजूत मोडायला देवालाही वेळ लागतो, मग महाराजांची काय कथा! ते कोणाला काही बोलत नसत.

एवढ्या सगळ्या लुटीतून एकच गोष्ट जागच्या जागी राहिली होती, ती म्हणजे मठाचे दार. काळ्या पाषाणाचे दोन खांब, खाली झिजलेला उंबरा आणि वर आडवी गणेशपट्टी. दाराला फळ्या नव्हत्या, कारण मठ कधी बंदच होत नसे. दार मुद्दाम ठेंगणे केलेले होते. योग्यांचे म्हणणे असे की, आत येणाऱ्याने एकदा मान वाकवली की पुढचे पुष्कळसे काम आपोआप होते.

गंमत अशी की दाराच्या दोन्ही बाजूंची भिंत केव्हाच गावात जाऊन बसली होती. मोकळ्या रानात नुसते दार उभे. शेळ्या खुशाल बाजूने ये-जा करीत. माणसे मात्र दारातूनच जात, वाकून जात. सरपणाची मोळी डोक्यावर असेल तर ती खाली ठेवायची, दारातून ओढून पलीकडे न्यायची आणि पुन्हा डोक्यावर घ्यायची. परगावचा माणूस ते पाहून हसे, आणि चार दिवस गावात राहिला की तोही तसेच करू लागे.

गोरगरिबांची लग्नेही पूर्वीपासून त्याच दारात लागत. नवरा-नवरी हात धरून एकदम वाकायची, एकदम पलीकडे जायची आणि एकदम मान वर करायची. मग महाराज त्यांना एकाच भाकरीचे दोन तुकडे देत. पंचक्रोशीत या लग्नाचा मान मोठा होता. दारात लागलेले लग्न मोडत नाही, अशी सगळ्यांची श्रद्धा होती.

त्या दाराची सेवा म्हाळू लोणारी करी. हा गरीब विधुर चुन्याची भट्टी लावून पोट भरायचा. घरात तो आणि त्याची लेक तुळसा, एवढाच संसार. चुन्याने त्याचे हात वाळल्या चिखलासारखे भेगाळले होते. दर पाडव्याला तो चांगला मुरवलेला चुना घेऊन मठात यायचा आणि दाराच्या सांध्यांत भरायचा. भरताना तोंडाने नाथांचे नाव चाले. काम झाले की हात धुवायचा, दारातून वाकून आत जायचा आणि महाराजांच्या पायांशी बसायचा. मागायचा काहीच नाही.

गावचे देशमुख सुभानराव यांना हे पाहून हसू आवरत नसे. सुभानराव अंगाने उंच, आवाजाने मोठे आणि डोक्यावरच्या पागोट्याने आणखी उंच. त्यांची मान ताठ होती, आणि ती तशी आहे याचा त्यांना अभिमानही होता. देवळात गेले तरी ते उभ्या उभ्या छातीशी हात जोडत, जणू देवच त्यांना भेटायला आला आहे! "वाकायचं बैलानं. मानसानं कामून वाकायचं?" हे त्यांचे ठरलेले वाक्य होते.

एका पाडव्याला ते घोड्यावरून चालले असताना म्हाळू सांधे भरत होता.

"काय रे म्हाळू, भिंत कुठाय?"

"भिंत न्हाई, मालक."

"मग हे दार कशाला? गाढवसुद्धा बाजूनं जातंय. तू त्याच्याहून शहाना का?"

म्हाळू चुना चोळत म्हणाला, "गाढवाला महाराजांकडं काम नसतंय, मालक."

तो हे भाबडेपणाने बोलला होता. पण देशमुखांबरोबरची माणसे हसली आणि ते हसणे देशमुखांच्या मनात कुसळासारखे रुतले.

त्या वर्षी देशमुखांचे नवे चिरेबंदी घर उठत होते. तुळसाचे लग्नही त्याच वर्षी ठरले. सावरगावचा गणबा लोणारी आपल्या मुलासाठी तिला करून घेणार होता. गणबाने हुंडा मागितला नाही की मानपान मागितला नाही. एकच अट घातली. "माझं लगीन त्या दारात लागलं, माझ्या बापाचंबी लागलं. पोराचंबी तिथंच लागंल. न्हाईतर न्हाई." म्हाळूला याहून मोठा आनंद नव्हता. आईवेगळी पोर चांगल्या घरी पडणार आणि तेही महाराजांच्या साक्षीने, म्हणून तो भट्टीपाशी बसून एकटाच हसायचा.

लग्नाला थोडेच दिवस उरले आणि देशमुखांचे गाडे मठापुढे येऊन थांबले. बरोबर दादू गवंडी होता, पहारी होत्या आणि मागे पागोटे सावरीत खुद्द सुभानराव होते.

"महाराज, ह्या दाराला भिंत न्हाई आन् माझ्या भिंतीला दार न्हाई," देशमुख हसत म्हणाले. "तवा म्हनलं, दोघांचीबी सोय करावी."

महाराज तुरीच्या डाळीतले खडे वेचीत होते. त्यांनी मान वर केली नाही. "न्या की. गावानं सगळा मठ नेला, दारच का मागं ठेवायचं? एवढंच, की त्याला वाकणारी माणसं बघायची सवय आहे. तेवढी सांभाळा."

"माझ्या घरी त्याला ताठ मानसं बघायची सवय लावतो," देशमुख म्हणाले.

म्हाळू धावत आला. त्याने गाड्याच्या चाकाला मिठी मारली. "मालक, तुळसाचं लगीन हाय ह्या दारात. तेवढं होऊ द्या, मग खुशाल न्या. मी सोता गाडीत चढवून देतो."

"लगीन बाजूनं लाव की. लई जागा हाय," देशमुख म्हणाले. दादूने पहार लावली. आश्चर्य असे की ती अजस्र चौकट उशी उचलावी तशी गाड्यात आली. देशमुखांना वाटले, हा आपल्या पुण्याईचा प्रताप आहे.

सावरगावला बातमी जायला वेळ लागला नाही. गणबाचा उलट निरोप आला: दार नसेल तर लग्न नाही, ठरल्या दिवशी येतो, दार दिसले तर अक्षता, नाहीतर परत जातो. तुळसाने हळदीची वाटी उचलून फळीवर पालथी घातली. ते पाहून म्हाळू तसाच महाराजांकडे गेला. दार नव्हते, तरी दार असायचे त्या जागी तो वाकला आणि आत गेला.

"महाराज, पोरीचं लगीन मोडतंय. दार गेलं."

"गेलं म्हणजे कुठं गेलं?"

"देशमुखांच्या घराला लागलंय."

"मग हरवलं थोडंच? जिथं दार, तिथं मठ. आपलं लग्न देशमुखांच्या घरी लागेल."

"मालक जीव घेत्याल, महाराज."

"ते सध्या स्वतःच्या जिवाच्या काळजीत आहेत. तू अक्षता निवड," महाराज म्हणाले.

आणि ते खरेच होते! दादू गवंड्याने खांबांखाली चिरे घालून दार चांगले उंच केले होते. पागोट्यासकट देशमुख आत गेले तरी वर हातभर जागा उरावी, असे त्याने दोरीने मापून घेतले होते. वास्तुशांतीच्या दिवशी सनई वाजू लागली, ब्राह्मण मंत्र म्हणू लागले, देशमुख ताठ मानेने आत निघाले आणि गणेशपट्टी त्यांच्या कपाळावर अशी बसली की पागोटे अंगणात जाऊन पडले. सनईवाला वाजवायचा थांबला.

"दाद्या, दार ठेंगणं केलंस!"

दादूने दोरी लावली. हातभर जागा होती. देशमुखांनी पुन्हा पाऊल टाकले आणि पुन्हा टण्णकन आवाज झाला.

मग परीक्षा सुरू झाली. गावातला सर्वांत उंच गडी डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन त्या दारातून गेला, आला, पुन्हा गेला. पेंढीची काडीही लागली नाही. वाटेवरून उंटवाले चालले होते. त्यांचा एक उंट कुतूहलाने दारातून आत शिरला आणि देवघरातला हार खाऊन सुखरूप बाहेर आला. फक्त देशमुख आले की दार कुठून तरी खाली येई. दार खाली येताना मात्र कोणालाच दिसत नसे. दिसे ते फक्त कपाळावरचे टेंगूळ.

देशमुखांच्या पत्नी गोजराबाई हळद आणि तुरटी उगाळून लेप देत. बाई ठेंगण्या, गोड आणि तोंडाने फटकळ होत्या. "अहो, जरा वाकलं तर काय बिघडतंय?"

"सोताच्या घरात शिरताना वाकू? लोक चोर म्हनतील."

"आता गोठ्याच्या दारानं येता, तवा काय म्हनत्यात?"

देशमुख खरेच मागच्या बाजूने, गोठ्यातून, म्हशींच्या शेपट्या चुकवीत घरात येऊ लागले होते. गावात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, आणि देशमुख दिसले की माणसे मोठ्या आदराने दुसरीकडे बघत. शेवटी त्यांनी दार उपटून नदीत टाकायचे ठरवले. पण गाडीत उशीसारखी चढलेली ती चौकट आता बैलांच्या जोड्यांमागून जोड्या लावल्या तरी हलेना. दोरखंड तुटले, बैल बसले आणि दादू गवंडी पोट दुखते म्हणून घरी गेला.

अशा अवस्थेत लग्नाचा दिवस उजाडला. वेशीकडून ताशा वाजत आला. पुढे भुईनाथ महाराज, मागे मुंडावळ्या बांधलेली तुळसा आणि तिचा नवरा, त्यामागे हात जोडून चालणारा म्हाळू आणि सगळ्यांच्या मागे तोंड वाकडे केलेला गणबा. वरात सरळ देशमुखांच्या अंगणात शिरली.

"हे काय? लोणाऱ्याची वरात माझ्या घरात?" देशमुख आतून गरजले. दार अडवायला ते तरातरा पुढे आले आणि रागाच्या भरात सगळे विसरले. गणेशपट्टीने त्यांना विसरू दिले नाही. या खेपेला तडाखा असा होता की देशमुख मटकन उंबऱ्यावरच बसले. उठू लागले, पुन्हा टण्ण. पुन्हा बसले. ताठ उठायचे आणि आपटून बसायचे, असा प्रकार चालला. ताशेवाल्याला भान राहिले नाही. तो प्रत्येक आपटीला एक ठोका देऊ लागला.

माणसे पदरात आणि उपरण्यात तोंड खुपसून हसत होती. तुळसा मात्र हसत नव्हती. मुहूर्त सरत चालला होता. दारात देशमुख बसलेले, त्यांच्यावरून जाता येत नव्हते. गणबाने सूर्याकडे पाहिले आणि म्हाळूला म्हणाला, "सोयरे, दार हाय पर वाट न्हाई. आमी निघतो."

म्हाळूने लेकीकडे पाहिले, मग देशमुखांकडे पाहिले. देशमुख पुन्हा उठायच्या तयारीत होते. त्यांच्या कपाळावरून रक्ताची धार नाकावर आली होती. तेव्हा म्हाळू धावत गेला. लोकांना वाटले, आता हा देशमुखांना ओढून बाजूला करणार. त्याने आपला भेगाळलेला हात देशमुखांच्या डोक्यावर धरला. देशमुख उठले आणि दगडाचा तडाखा म्हाळूच्या हातावर बसला.

ताशा थांबला.

देशमुखांना नवल वाटले, कारण लागले काहीच नव्हते. त्यांनी वर पाहिले. म्हाळूच्या बोटांतून रक्त येत होते, तरी त्याने हात काढला नव्हता.

"म्हाळू, हात काढ," महाराज म्हणाले.

"न्हाई, महाराज. मालकांचं कपाळ आधीच लई सुजलंय."

देशमुख म्हणाले, "तुझ्या लेकीचा मुहूर्त चाललाय, आन् तू माझं डोकं धरून बसलास व्हय रे?"

"दारात मानूस पडल्यावर वरात कशी न्यावी, मालक?"

सुभानरावांनी पागोटे काढले, त्याचा पदर टरकन फाडला आणि म्हाळूच्या हाताला बांधला. मग सगळ्या गावासमोर त्यांनी मान खाली घातली, कमरेत वाकले आणि उंबऱ्याबाहेर आले. दार जागचे हलले नाही. देशमुख बाजूला सरले, हात जोडले आणि गणबाला म्हणाले, "वाट हाय, पावनं. या."

नवरा-नवरीने हात धरले, एकदम वाकली, एकदम आत गेली आणि एकदम मान वर केली. अक्षता पडल्या. म्हाळू रडत होता आणि फडके बांधलेल्या हाताने डोळे पुसत होता. मागोमाग वरातही वाकून आत गेली, आणि तेव्हा कुठे देशमुखांच्या ध्यानात आले की दारातून वाकून आलेल्याला जेवू घालायचा मठाचा नेम आहे. ते कावरेबावरे होऊन गोजराबाईंकडे बघू लागले.

"बघता काय? पानं मांडा," बाई म्हणाल्या. "पहाटेपासनं चुली पेटल्यात. दार घरात आनताना तुमी इचारलं न्हाई, तवा म्यां बी इचारलं न्हाई."

पंगत बसली. महाराजांनी भाकरीचे दोन तुकडे करून नवरा-नवरीला दिले. देशमुख स्वतः पत्रावळींवर वाढत होते, आणि वाढायचे म्हणजे प्रत्येकापुढे वाकायचेच!

दुसऱ्या दिवशी देशमुखांनी दादूला बोलावले आणि चौकटीला नुसता हात लावला. ती अलगद सुटली. गाडे मठाकडे चालले, पुढे देशमुख अनवाणी, उघड्या डोक्याने. दार जुन्या जागी, जुन्या उंचीचे उभे राहिले. म्हाळूने एका हाताने सांध्यांत चुना भरला आणि चुन्याची पाटी धरून देशमुख त्याच्याशेजारी बसले. पाटलाने गुपचूप म्हशींची काथवट आणून ठेवली. परटानेही नर्तकीला उताणे केले, तिचे तोंड धुतले आणि गाडीत घातले.

काम संपले. महाराज पलीकडे डाळ निवडत बसले होते. दाराच्या दोन्ही बाजूंना मोकळे रान होते आणि एक शेळी खुशाल बाजूने निघून गेली. सगळे गाव बघत होते, देशमुख कुठून जातात. सुभानराव दारासमोर थांबले. मग त्यांनी हात जोडले, गुडघ्यांपर्यंत वाकून दारातून आत गेले आणि वाकलेले तसेच महाराजांच्या पायांवर पडले.

महाराजांनी त्यांच्या कपाळावरच्या टेंगळावरून हात फिरवला. "दुखतं का?"

"न्हाई, महाराज. आता हलकं वाटतंय."

"मग बसा," महाराज म्हणाले आणि त्यांच्यापुढे भाकरी ठेवली. निमखेडात ते दार अजूनही भिंतीवाचून उभे आहे, आणि माणसे अजूनही त्यातून वाकूनच जातात.